चौथा रकाना

मी त्यांच्या घरी भाडेकरू म्हणून राहायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला पहिलं काम सांगितलं ते स्टुलावर उभं राहून त्यांच्या डोक्यावर एक गोळी टाकायचं.

माझी बॅग अजून हातातच होती. सत्त्याऐंशी सालचा सप्टेंबर संपत आला होता. नॉटिंगहॅमच्या त्या चढाच्या रस्त्यावर सगळी घरं लाल विटांची आणि एकमेकांना चिकटलेली. नंबर पाहून मी घंटा वाजवली, तर एका उंच, पूर्ण टक्कल पडलेल्या गृहस्थांनी दार उघडलं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, प्रवास कसा झाला तेही विचारलं नाही. क्षणभर माझ्या छातीकडे पाहिलं आणि म्हणाले, "शेवटचं कधी खाल्लंत?"

"ट्रेनमध्ये. सँडविच."

"किती वाजता?"

"साडेबारा असतील."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली. "या. स्टूल स्वयंपाकघरात आहे. चढता येईल ना?"

ते खुर्चीत ताठ बसले, खांद्यावर टॉवेल घेतला आणि डोळे मिटले. हात डोक्यापासून किती वर धरायचा ते त्यांनी फूटपट्टीनं दाखवलं होतं. मी साखर भुरभुरवलेली, बाळाच्या आकाराची एक हिरवी जेली सोडली. ती टकलावरून घरंगळून टॉवेलवर पडली.

"परत," ते म्हणाले.

असं तीनदा झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, टेबलावरच्या लांबट वहीत काहीतरी लिहिलं, ती गोळी तोंडात टाकली आणि मला सांगितलं, "वरची डावीकडची खोली तुमची. गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो."

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी त्यांच्याबद्दल लिहायला पुष्कळदा बसलो आणि दर वेळी त्या स्टुलापाशीच अडलो. म्हणून आज तिथूनच सुरुवात केली.

ते भूलतज्ज्ञ होते. चौदा-पंधरा वर्षं तिथल्या एका इस्पितळात पेशंटना झोपवत आणि उठवत होते. 'शेवटचं कधी खाल्लंत' हा त्यांच्या धंद्यातला प्रश्न; रिकाम्या पोटीच भूल देता येते. पण तो प्रश्न त्यांच्या जिभेवर इतका बसला होता की 'कसे आहात' याऐवजी ते सगळ्यांना तेच विचारत. पोस्टमनला, शेजारणीला, मीटर वाचायला आलेल्या माणसाला. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता छातीकडे बघायचे, श्वास मोजायचे. मला सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर कळलं की त्यांच्यापाशी आस्था दाखवायची हीच एक रीत होती.

दुसरी सवय आकड्यांची. ऑपरेशनच्या टेबलावर ते पेशंटला दहापासून उलटे आकडे मोजायला लावत. "सातच्या पुढे आजवर कुणी गेला नाही," हे ते पुन्हा पुन्हा सांगत. घरातही कुणी चिडलं, घाबरलं, अडखळलं की त्यांचं औषध एकच: "दहापासून उलटे मोजा." माझ्या परीक्षेचा निकाल यायचा होता तेव्हा त्यांनी मला जिन्यात थांबवून मोजायला लावले होते. मी एकापर्यंत पोचलो. ते म्हणाले, "अहो लायब्ररी, तुमची केस अवघड आहे."

मी ग्रंथालयशास्त्र शिकायला गेलो होतो आणि नंतर तिथल्याच एका ग्रंथालयात भारतीय भाषांतल्या पुस्तकांच्या याद्या करायला लागलो. त्यामुळे ते मला 'लायब्ररी' म्हणत. मी त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणायचो.

गोळ्यांचा कार्यक्रम रविवारी चार वाजता, चहाच्या वेळी. शनिवारी ते कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे. तिथे भिंतभर काचेच्या बरण्या होत्या आणि एक जाडशी, लालबुंद गालांची बाई गोळ्या तराजूत तोलून पांढऱ्या कागदी पुडीत द्यायची. त्या गावात लहानथोर सगळ्यांना प्रेमानं 'डक' म्हणतात.

"काय देऊ, डक?"

"डॉली मिक्स्चर, पाव पौंड. आणि तुम्ही शेवटचं कधी खाल्लंत?"

"आता तुमच्यासमोरच एक टॉफी खाल्ली की, डक."

बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "ही बाई मला इतकी वर्षं बदक म्हणते आहे. एकाही पेशंटनं मला इतक्या मायेनं हाक मारली नाही. अर्थात, बिचारे झोपलेले असतात."

ब्रिटिश गोळ्या या दुकानातून यायच्या आणि अमेरिकन गोळ्या अमेरिकेतून. डॉक्टर इंग्लंडला येण्याआधी दहा-अकरा वर्षं क्लीव्हलंडला होते. त्यांचा मुलगा तिथेच जन्मलेला, आणि आताही तिकडेच राहत होता. दर नाताळात तो एक खोकं पाठवायचा. खोक्यात चिठ्ठी कधीच नसायची. वर कस्टम्सचा हिरवा कागद चिकटवलेला असायचा आणि त्यावर मुलाच्या अक्षरात मालाचं वर्णन: गोळ्या, दोन पौंड. व्यापारी किंमत: नाही. डॉक्टर तो कागद वाफेवर धरून अलगद सोडवायचे, वाचायचे आणि टेबलाच्या खणात ठेवायचे. खणात असे आठ कागद होते. लोक पत्रं ठेवतात तसे, दोऱ्यानं बांधलेले.

वहीत चार रकाने होते. नाव, देश, चव, आणि चौथा: डोक्याला लागतं का? निकाल पक्का झाला की चौथ्या रकान्यात ते लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायचे. तशी खूण असल्याशिवाय नोंद खरी नाही.

त्यांच्या चवीच्या नोंदी मी अजून विसरलो नाही. पेअर ड्रॉप नावाच्या ब्रिटिश गोळीपुढे लिहिलं होतं, 'ऑपरेशन थिएटरचा वास. धंद्यातल्या माणसानं सुटीच्या दिवशी खाऊ नये.' विंटरग्रीनच्या, म्हणजे आपल्या गंधपुऱ्याच्या, अमेरिकन गोळीपुढे: 'इंग्लंडात हे गुडघ्याला चोळतात.' लिकरिशवर तर अर्धं पान. लिकरिश म्हणजे आपला ज्येष्ठमध. इंग्रज पोरं तो काळाकुट्ट ज्येष्ठमध हौसेनं चघळतात, आणि आपण घसा बसला की आईच्या धाकानं चघळतो, याचं त्यांना अपार कुतूहल होतं. अमेरिकेत लिकरिश लाल रंगाची मिळते आणि तिच्यात ज्येष्ठमधाचा मागमूसही नसतो. "म्हणजे बघा," ते म्हणाले, "इंग्रजानं औषधाची मिठाई केली, आणि अमेरिकनानं त्यातलं औषधही काढून टाकलं."

अमेरिकन चॉकलेट इंग्रजांना नासलेल्या दुधाचं वाटतं. अमेरिकनांना इंग्रजी चॉकलेट तेलकट वाटतं. दोघांनाही आपलं लहानपण त्यातच सापडतं. "चव जिभेवर नसते हो, लायब्ररी. किती वर्षांचे असताना पहिल्यांदा खाल्लंत, त्यावर असते." शेंगदाण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी अमेरिकेला पूर्ण गुण दिले होते. शेंगदाणा गोडात घालायचा असतो हे इंग्रजांना पटत नाही, अमेरिकनांना पटतं. 'इथे हा देश चिक्कीच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि गुळावाचून परत जातो.'

कडक गोळ्यांना मात्र घरात मज्जाव होता. हंबग, बुल्सआय, लिंबाच्या टणक गोळ्या, सगळ्यांसाठी वहीत एकच शब्द: 'दगड'. चवीचा रकानासुद्धा रिकामा. दुकानवाल्या बाईनं एकदा नव्या हंबगची एक गोळी फुकट देऊ केली, तर डॉक्टर दोन पावलं मागे सरकले.

पुस्तकांच्या याद्या करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. पुस्तक हातात आलं की तो आधी मागचं आणि पुढचं पान बघतो. पहिल्याच हिवाळ्यात, डॉक्टर चहा करत असताना, मी त्या वहीचं पहिलं पान उघडलं. तिथलं अक्षर त्यांचं नव्हतंच. एका लहान मुलाचं इंग्रजी अक्षर होतं, पेन्सिलीचं, ओळीबाहेर जाणारं. पंचवीस-तीस पानं तशीच. आणि त्या पानांवर रकाने तीनच होते.

डॉक्टर ट्रे घेऊन आले आणि माझ्याकडे पाहून थांबले.

"मुख्य परीक्षक तो होता," ते म्हणाले. "मी नुसता सहायक."

मग त्यांनी सांगितलं. पत्नीला क्लीव्हलंडचा एकटेपणा सोसेना. नॉटिंगहॅमला तिची बहीण होती. म्हणून ते इकडे आले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. त्याला सगळे म्हणायचे, आता आपण भारताच्या जवळ आलो. त्याला भारत माहीत नव्हता. त्याचं घर क्लीव्हलंड. तिथे दालचिनीच्या बारीक, लाल, तिखट गोळ्या मिळायच्या; शाळेतून येताना तो मूठभर घ्यायचा. इंग्लंडात दालचिनी पावात घालतात, गोळीत घालत नाहीत. पोरगं रडायचं नाही, भांडायचं नाही. फक्त एवढंच म्हणायचं, की इथे ती गोळी नाही.

"मी म्हटलं, शोधू. कुठे जाते? दर शनिवारी आम्ही दोघं दुकानं पालथी घालायचो. रविवारी चव. तो लिहायचा. बडीशेपेची एक लाल गोळी मिळाली, दिसायला हुबेहूब तशीच. तोंडात टाकली आणि थुंकला. पानावर काय लिहिलंय बघा."

मी पाहिलं. 'खोटी,' असं लिहिलं होतं.

"मग पुढे?"

"पुढे काय? अठरा वर्षांचा झाला आणि गोळी होती तिकडे परत गेला." त्यांनी चहा ओतला. "आई गेली तेव्हा आला होता. चार दिवस."

चौथ्या रकान्याबद्दल मी तेव्हा विचारलं नाही. पण एवढं दिसत होतं की तो रकाना त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासूनच सुरू झाला होता. नातू जन्मला तो महिना.

नातवाचं बोरन्हाण करायचं, हा डॉक्टरांचा ध्यास होता. संक्रांतीच्या सुमारास लहान मुलाला काळं झबलं घालून पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, गोळ्या ओतायच्या. जमलेल्या पोरांनी त्या लुटायच्या. हे मूल पाच वर्षांचं व्हायच्या आत करायचं. म्हणजे मोजून पाच संक्रांती हातात होत्या. खरं तर हे घरातल्या बायकांचं काम, पण त्या घरात बाईमाणूस उरलं नव्हतं. बोरं इंग्लंडात मिळत नाहीत. मग बोरांऐवजी काय ओतायचं, या प्रश्नातून ते रविवारचे प्रयोग निघाले होते. गोळी अशी हवी की अमेरिकन पोरानं ती चवीनं खावी आणि डोक्यावर पडली तर त्याला कळूही नये.

एकदा अमेरिकन सूनबाईंना ते फोनवर हे समजावत होते. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"नो, नो, नॉट थ्रो. पोअर. लाइक वॉटर... येस, ऑन द हेड... नो, ही हॅज नॉट डन एनीथिंग राँग... सॉफ्ट वन्स ओन्ली. आय हॅव टेस्टेड... ऑन मायसेल्फ."

मग त्यांचा आवाज बदलला, म्हणजे फोन मुलाच्या हातात गेला असावा. "हो. हो. इकडे पाऊस. तिकडे?... बरं. शेवटचं कधी खाल्लंस?" आणि फोन ठेवला.

पहिल्या संक्रांतीला नातवाचा कान दुखत होता. दुसऱ्या वर्षी मुलानं नवी नोकरी धरली होती. तिसऱ्या वर्षी तिकिटं काढली होती, ती रद्द केली. कारण मला कळलं नाही. चौथ्या वर्षी आखातात युद्धाची चिन्हं होती, लोक विमानात बसायला घाबरत होते. दर वर्षी डॉक्टर पत्र्याच्या डब्यातून काळं झबलं काढून इस्त्री करत आणि दर वर्षी ते पुन्हा डब्यात जाई. त्यांचा चेहरा कधी पडलेला मी पाहिला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा स्टूल.

पाचवी संक्रांत ब्याण्णव सालची. फेब्रुवारीत नातवाला पाच पूर्ण होणार होती. नोव्हेंबरात मुलाचा फोन आला, की मी त्याला घेऊन येतो, एक आठवडा; बायकोला रजा नाही, आम्ही दोघंच. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "हलवा घरी करायचा."

हलवा करणं म्हणजे काय, हे ज्यांनी आईला करताना पाहिलंय त्यांनाच कळेल. परातीत मूठभर तीळ, खाली मंद आच, आणि त्यावर पाक घालायचा तो थेंबाथेंबानं. बोटांनी तीळ सारखे फिरवत राहायचे. पाक जास्त पडला तर गोळा होतो. थेंब नेमके पडले, थंडी चांगली असली, तर पाचसात दिवसांनी एकेका तिळाला पांढरे काटे फुटतात. डॉक्टरांच्या पत्नी चमच्यानं पाक सोडायच्या. डॉक्टरांनी सलाइनचं स्टँड आणलं.

मुदत संपल्यामुळे इस्पितळात टाकून द्यायचा एक संच त्यांनी मागून आणला होता. बाटलीत पातळ पाक, खाली नळी, नळीवर थेंब कमीजास्त करायची चाकी. जानेवारीतल्या त्या सकाळी ते स्वयंपाकघरात उघड्या खिडकीशी मफलर गुंडाळून बसत. "या देशात हलव्याला लागणारी थंडी फुकट आहे, लायब्ररी, आणि कुणाला त्याची किंमत नाही." पहिले दोन दिवस नळी तुंबली. मग त्यांनी बाटलीभोवती गरम पाण्याची रबरी पिशवी बांधली. मिनिटाला बारा थेंब. ते मोजत, आणि मी परातीत बोटं फिरवत असे. बोटं भाजायची; मी तक्रार केली की ते म्हणत, "दहापासून उलटे मोजा."

सातव्या सकाळी तिळांवर काटे आले. अगदी बारीक, हाताला किंचित टोचणारे. डॉक्टर एक दाणा चिमटीत धरून बराच वेळ पाहत राहिले.

"क्लीव्हलंडला हलवा नव्हता," ते एकदम म्हणाले. "बोरंही नव्हती. खिडकीपर्यंत बर्फ. पोरगं अकरा महिन्यांचं. हिनं काळं झबलं शिवलं होतं, पांढऱ्या ठिपक्यांचं. मी दुकानातून गोळ्या आणल्या. पिंपाच्या आकाराच्या असतात तिकडे, तपकिरी, टणक. हिला आवडल्या नाहीत. म्हणाली, फार जड आहेत. मी म्हटलं, काही होत नाही. आणि मी ओतल्या. ओतल्या कसल्या, उधळल्या. दोन्ही हातांनी. आनंद झाला होता हो मला."

थेंब पडत होते. मी बोटं थांबवली नाहीत.

"भुवईवर तीन टाके पडले. माझ्याच मित्रानं घातले. तो म्हणाला, तू भूल दे. मी म्हटलं, माझा हात थरथरतोय, मी देणार नाही. आयुष्यात तेवढा एकच पेशंट मी जागा ठेवला." त्यांनी दाणा परातीत परत टाकला. "झबल्यावर डाग दिसत नाही. काळं असल्यामुळे. म्हणून हिनं ते टाकलं नाही."

"त्याला ते आठवत असेल?"

"अकरा महिन्यांच्या मुलाला काय आठवणार? मला आठवतं. तो माझ्याशी बोलला नाही की मला वाटतं, यामुळेच." मग चाकी थोडी आवळून म्हणाले, "तेरा झाले होते. बारा हवेत."

मुलगा आणि नातू आले तो दिवस शनिवारचा होता. मुलगा उंच, वडिलांसारखाच, तिशीचा. डाव्या भुवईच्या मधोमध केस नसलेली एक बारीक रेघ. दारातच डॉक्टर नातवासमोर वाकले.

"व्हेन डिड यू लास्ट ईट?"

"ऑन द प्लेन," तो म्हणाला. "इट वॉज ग्रॉस."

"व्हॉट टाइम?"

मुलगा मागून हसला. मला वाटतं तो स्वतःशीच हसला होता. "बाबा, त्याला ऑपरेशनला नाही आणलं."

दुसऱ्या दिवशी चार वाजता बैठकीची खोली तयार होती. पाट नव्हता म्हणून चहाचा लाकडी ट्रे पालथा घातला होता. दुकानवाली बाई आपल्या नातीला घेऊन आली, शेजारची दोन पोरं आली. औक्षणाचं ताम्हन बाईच्या हातात देऊन डॉक्टरांनी तिला आदल्या आठवड्यात दोनदा तालीम दिली होती. "घड्याळाच्या काट्यासारखं फिरवायचं ना, डक?" तिनं पुन्हा विचारून घेतलं. झबलं अर्थातच नातवाच्या कोपरापर्यंतही चढेना. मग त्याचाच एक काळा शर्ट शोधला, पुढे डायनासोर असलेला.

मापात हलवा, चुरमुरे, डॉली मिक्स्चरच्या मऊ रंगीत गोळ्या, जेलीची बाळं. हलवा सोडला तर सगळं तपासलेलं, लाल खूण झालेलं. मुलानं खिशातून एक पुडी काढली आणि त्यात मूठभर लाल दालचिनीच्या गोळ्या टाकल्या.

"त्या कडक आहेत," डॉक्टर म्हणाले.

"बारीक आहेत, बाबा."

डॉक्टरांनी दोन बोटांनी माप ढवळून त्या गोळ्या तळाशी घातल्या, हे मी पाहिलं.

नातू आधी उत्साहात होता. "इज इट अ बाथ?"

"येस. विदाउट वॉटर."

"कूल." पण ट्रेपाशी येऊन त्यानं वर पाहिलं. भोवती उभी असलेली माणसं, ताम्हनातली ज्योत, आजोबांच्या हातातलं माप. त्यानं वडिलांचा पाय धरला. "ओन्ली इफ डॅड सिट्स."

सगळे हसले, आणि मुलगा खरोखरच मांडी घालून ट्रेवर बसला. नातू त्याच्या मांडीवर, त्याचं डोकं बापाच्या हनुवटीखाली लपलेलं. बाईनं ओवाळलं, घड्याळाच्या काट्यासारखं. मग ती बाजूला झाली आणि डॉक्टर पुढे आले.

आता मापाच्या खाली जे डोकं होतं ते नातवाचं नव्हतं.

डॉक्टरांनी माप उचललं आणि ते तिथेच राहिलं. फूटपट्टीनं पाच वर्षं मोजलेलं अंतर बरोबर होतं. पण माप कलेना. ते मुलाच्या छातीकडे पाहत होते, श्वास मोजत असावेत. शेजारच्या पोरांनी खाली हात पसरून ठेवले होते. दुकानवाली बाई माझ्याकडे बघायला लागली. मी पुढे होऊन माप धरावं की काय, असं मला वाटलं. मी हललो नाही.

मुलगा वर न बघता म्हणाला, "बाबा, दहापासून उलटे मोजा."

त्याचं मराठी तुटक होतं, पण हे वाक्य त्याला लहानपणापासून पाठ असणार.

"दहा," डॉक्टर म्हणाले. "नऊ."

"हं."

"आठ."

सातला माप कललं. आधी हलवा आला, मग चुरमुरे, मग रंगीत डॉली मिक्स्चर आणि जेलीची बाळं, आणि अगदी शेवटी त्या लाल गोळ्या, मुलाच्या केसांतून, भुवईवरून, नातवाच्या नाकावरून ट्रेवर टपटपत. नातू किंचाळला आणि लगेच लुटायला खाली उतरला. चार पोरांची एकच झुंबड उडाली. मुलगा मात्र केसांत हलवा घेऊन तसाच बसून राहिला. थोड्या वेळानं त्यानं मांडीवरचा एक दाणा उचलून तोंडात टाकला.

डॉक्टरांनी त्याला काही विचारलं नाही. ते चहा ठेवायला आत गेले. त्या संध्याकाळी वही उघडली गेली नाही.

आठवडा संपल्यावर मुलगा आणि नातू परत गेले. नंतर एका शनिवारी मी डॉक्टरांबरोबर दुकानात गेलो.

"काय देऊ, डक?"

"हंबग," डॉक्टर म्हणाले. "पाव पौंड."

बाईच्या हातातला चमचा थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मुकाट्यानं बरणी काढली. परतीच्या चढावर आम्ही दोघं गाल फुगवून चालत होतो. "पुदिना," ते म्हणाले. "अजून काहीतरी आहे. जळकी साखर. इतकी वर्षं समोर होतं हो."

मी त्या उन्हाळ्यात पुण्याला परत आलो. आमची पत्रं वर्षाला एखाद-दुसरं, आणि त्यांची सुरुवात नेहमी त्याच प्रश्नानं. पुढे तीन वर्षांनी पत्र थांबलं. कारण मुलानं कळवलं, दोन ओळींत. आयुष्यभर थिएटरमध्ये इतरांना झोपवणारे डॉक्टर स्वतः गेले तेही झोपेत.

त्यानंतर दोन महिन्यांनी मला अमेरिकेतून एक पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती. वर हिरवा कागद चिकटवलेला होता: एक वही, वापरलेली. व्यापारी किंमत: नाही. तो कागद मी वाफेवर धरून सोडवला.

मग सवयीप्रमाणे मागचं पान उघडलं. शेवटची नोंद डॉक्टरांच्या हातची होती. नाव: काटेरी हलवा. देशाच्या रकान्यात त्यांनी काही लिहिलेलं नव्हतं. चव: साखर; आत एक तीळ. चौथ्या रकान्यात मुलाचं अक्षर होतं, मोठं, सुट्या सुट्या वळणांचं, आईकडून रविवारी शिकलेल्या आणि मग विसरलेल्या देवनागरीतलं. एकच शब्द: नाही.

त्या शब्दापुढे डॉक्टरांच्या लाल पेन्सिलीची बरोबरची खूण होती.